निरोप घेणे हीसुद्धा सेवाच

मे महिना सरत आला की आपल्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांत दोन कागद फिरू लागतात. एक वर्गणीचा, दुसरा सह्यांचा. वर्गणीतून शाल, श्रीफळ, मानपत्र आणि भोजन. सह्यांतून 'आमच्या फादरांची बदली रद्द करावी' अशी विनंती. दोन्ही कागद घेऊन फिरणारी माणसे पुष्कळदा तीच असतात. मांडव्याहून लाँच पकडून गेटवेला उतरले की आर्चबिशप निवास फार दूर नाही. त्यामुळे शिष्टमंडळ नेण्यास अडचणही पडत नाही. यथावकाश बदली होतेच. जुने फादर गळ्यात हार घालून मोटारीत बसतात, नवे फादर गळ्यात हार घालून मोटारीतून उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असे आढळते की दप्तराच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे म्हणणे एवढेच की, निरोप घेणे हा सेवाकार्याचा शेवट नसून त्या सेवाकार्याचाच एक भाग आहे. आणि जो एक सेवा नीट सोडू शकत नाही, तो दुसरी सेवा नीट सुरू करू शकत नाही. हे धर्मगुरूंना लागू आहे, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, आपणा प्रापंचिकांना लागू आहे. आपण निरोपाचा समारंभ करतो, निषेध करतो. निरोप मात्र देत नाही आणि स्वागत मात्र करीत नाही. या दोषाची किंमत मोठ्या शहरी धर्मग्रामाला फारशी जाणवत नाही. तेथे दोन सहायक धर्मगुरू असतात, कचेरी असते, कारकून असतो. उरण-पनवेलपासून मुरूडपर्यंतच्या या पट्टीत, जेथे घरे विखुरलेली आहेत, तरुण पिढी मुंबईला आहे आणि धर्मगुरू बहुधा एकटाच आहे, तेथे ती किंमत प्रत्येक बदलीला नव्याने भरावी लागते.

कोर्लईचा धडा

या किनाऱ्याला निरोपाचा मोठा इतिहास आहे. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० मध्ये चौल, रेवदंडा व कोर्लईचा गड मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीज अंमलदार गेले, सैनिक गेले. आणि फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट या धर्मसंघांचे ज्या चौलात मठ होते, ते मठही ओस पडले. रेवदंड्याच्या कोटात आज सातखणी मनोरा उभा आहे. भोवती नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. प्रार्थना होती तेथे पाखरे आहेत.

परंतु कुंडलिकेच्या मुखापाशी, गडाच्या पायथ्याशी, कोर्लई गावात मात्र श्रद्धा राहिली. कारण तेथे माणसे राहिली. ती बहुतांशी कष्टकरी कुटुंबे होती. गलबतात बसून गोव्याला निघून जावे अशी त्यांची परिस्थिती नव्हती. पुढे पुरोहित येत-जात राहिले, सत्ता बदलत राहिल्या. पण कार्मेल मातेची भक्ती त्या वस्तीत टिकली आणि तिच्याबरोबर एक भाषाही टिकली. पोर्तुगीज व मराठी यांच्या संगमातून घडलेली ही बोली तेथील ख्रिस्ती लोक 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', या नावाने ओळखतात. शाळेत मराठी, उपासनेत मराठी आणि घराच्या ओटीवर ही बोली, असा तेथील व्यवहार आहे. जगातील भाषाशास्त्रज्ञ तिच्या अभ्यासासाठी या गावात येऊन गेले आहेत.

या इतिहासातून 'धर्मगुरू नसला तरी चालते' असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो निष्कर्ष अविचारी ठरेल. संस्कारांवाचून ख्रिस्तसभा उभी राहत नाही. खरा निष्कर्ष निराळा आहे. सेवा ही सेवकाच्या मालकीची नसते. ती त्या वस्तीची असते. सेवक काही काळ ती हाती घेतो आणि पुढच्याच्या हाती देतो. १७४० मध्ये हे हस्तांतर घाईने, पराभवाच्या छायेत झाले. तरीही लोकांनी आपल्या वाट्याचे सांभाळले. आज घाई नाही, पराभव नाही, महिनाभर आधी आदेश येतो; आणि तरीही आपले हस्तांतर त्याहून वाईट होते, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

'लोकांचे प्रेम' नावाचा युक्तिवाद

बदलीविरुद्ध सह्या गोळा करणारे बंधुभगिनी म्हणतात, 'हे आमचे प्रेम आहे.' त्यांच्यापैकी जे अधिक वाचलेले आहेत ते धर्मसंहितेचाही आधार घेतात. १९८३ च्या संहितेचे कलम ५२२ प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य असावे असे सांगते आणि मुदतीची नेमणूक हा अपवाद मानते. तो अपवादही बिशपांच्या परिषदेने परवानगी दिली तरच. हे खरेच आहे. पण तीच संहिता कलम १७४८ मध्ये आत्म्यांच्या कल्याणासाठी, किंवा ख्रिस्तसभेच्या गरजेसाठी वा हितासाठी, चांगले काम करणाऱ्या धर्मगुरूची बदली सुचविण्याचा अधिकारही बिशपांना देते. चांगले काम करणाऱ्याची! म्हणजे बदली ही शिक्षा नव्हे, हे कायद्यालाच अभिप्रेत आहे. कलम ५२२ मधील स्थैर्य हे धर्मग्रामाच्या हितासाठी आहे. ते कोणाला मिळालेले वतन नाही.

आणि प्रेमाविषयी बोलावयाचे तर पौलाने मिलेत येथे इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेतला तो प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत वाचावा. ते रडले, त्याच्या गळ्यात पडले, आपण पुन्हा त्याचे तोंड पाहणार नाही या शब्दांनी त्यांना विशेष दुःख झाले. आणि मग त्यांनी त्याला तारवापर्यंत पोहोचविले. त्यांनी तारू अडविले नाही. प्रेमाची कसोटी तेथे आहे. शिवाय पौलाने त्या निरोपात काय केले? आपण काय शिकविले, कोणाचे काही घेतले नाही, पुढे कोणते धोके येतील आणि कळपाची जबाबदारी आता त्यांची आहे, हे सारे त्याने सांगितले. ते निरोपाचे भाषण कमी आणि कार्यभार सोपविण्याचे निवेदन अधिक होते.

एका धर्मगुरूच्या जाण्याने सारे धर्मग्राम कोसळेल असे जेथे लोकांना प्रामाणिकपणे वाटते, तेथे सह्यांपेक्षा गंभीर प्रश्न विचारला पाहिजे. इतक्या वर्षांत त्या धर्मगुरूने दुसरे कोणी का तयार केले नाही? गायनवृंद त्यांच्यावाचून उभा राहत नाही, तरुणांचा मेळावा त्यांच्यावाचून भरत नाही, भांडण त्यांच्यावाचून मिटत नाही, हे मानपत्रात गौरवाने लिहिले जाते. वस्तुतः तो दोषारोप आहे.

एक आर्चबिशप कसे निघाले

याच महाधर्मप्रांताच्या इतिहासातील एक उदाहरण पाहू. रायगडचा हा किनारा मुंबईच्या ज्या आर्चबिशपांच्या अधिकारात येतो, त्या गादीवर १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स नावाचे इंग्रज जेझुइट आले. १९२८ च्या करारान्वये त्या काळी मुंबईचे आर्चबिशपपद एकदा पोर्तुगीज व एकदा ब्रिटिश अशा आळीपाळीने दिले जाई. आणि ज्यांचे धर्मप्रांत ते भारतीय मात्र त्या आळीपाळीत कोठेच नव्हते. रॉबर्ट्स यांनी ओळखले की येथे आता भारतीय मनुष्य हवा, आणि त्या वाटेतील एक अडथळा आपण स्वतःच आहोत.

१९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस त्यांचे सहायक बिशप झाले. त्यानंतर रॉबर्ट्स हिंदुस्थानातून निघून गेले. पदाने ते १९५० पर्यंत आर्चबिशप होते. कारभार मात्र ग्रेशस पाहत होते. आळीपाळीचा करार १९५० मध्ये संपुष्टात आला, रॉबर्ट्स यांचा राजीनामा झाला आणि डिसेंबर १९५० मध्ये ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

चार वर्षे दूर राहणारा आर्चबिशप ही रीत सर्वांना पटली असेल असे नाही. आदर्श व्यवस्था म्हणून ती कोणी पुढे करणारही नाही. परंतु तिच्यातील मर्म ध्यानात घ्यावे. शेजारच्या खोलीत राहून 'तुम्ही चालवा, मी फक्त बघतो' असे ते म्हणाले नाहीत. नव्या माणसाला चुका करण्यास मोकळी जागा मिळावी म्हणून त्यांनी समुद्र ओलांडला. आणि त्यांची दुसरी सेवा? लंडनमध्ये राहून युद्ध, अण्वस्त्रे आणि सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य या विषयांवर ते १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत निर्भीडपणे बोलत-लिहित राहिले. मुंबईची गादी त्यांनी मनानेही सोडली होती म्हणूनच हे शक्य झाले.

आपल्याकडे काय होते? बदली होऊन गेलेले फादर दर महिन्यास एखाद्या लग्नाला, बाप्तिस्म्याला, रौप्यमहोत्सवाला येतात. येण्यास हरकत नाही; पण जेवणानंतर ओट्यावर खुर्ची टाकून ते विचारतात, 'सध्या कसे चालले आहे?' आणि आपण सांगतो. त्या एका प्रश्नाने आणि आपल्या त्या उत्तराने नव्या धर्मगुरूचे सहा महिन्यांचे काम धुऊन निघते. बेनेडिक्ट सोळावे यांनी २८ फेब्रुवारी २०१३ रोजी पद सोडताना जमलेल्या कार्डिनलांसमोर, तुमच्यापैकी जो कोणी पोप होईल त्याला माझी आज्ञाधारकता मी आजच वाहतो, अशा अर्थाचे वचन दिले होते. पोपांना जे करता आले, ते माजी प्रमुख धर्मगुरूला का जड जावे?

कागदाला कंटाळलेले भक्त

दुसरा युक्तिवाद नेमका उलट टोकाचा. 'आम्ही आज्ञाधारकतेचे व्रत घेतलेले लोक. पिशवी उचलली की निघालो. याद्या आणि ताळेबंद करावयास आम्ही काय सरकारी नोकर आहोत?' ऐकावयास हे फकिरी वाटते. प्रत्यक्षात ही फकिरी नसून बेफिकिरी आहे.

शमुवेल संन्यासी वृत्तीचाच पुरुष होता. पण कारभार सोडताना त्याने सर्व इस्राएलाला एकत्र बोलाविले आणि जाहीर विचारले की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच खाल्ली ते सांगा. लोकांनी साक्ष दिली आणि मगच तो मोकळा झाला. ख्रिस्तसभेचा कायदाही याहून वेगळे सांगत नाही. मालमत्तेचा कारभार हाती घेण्यापूर्वी तिची अचूक यादी करून तीवर सही झाली पाहिजे, हे कलम १२८३ सांगते. भाविकांनी दिलेल्या देणग्यांचा हिशेब स्थानिक नियमांनुसार भाविकांना दिला पाहिजे, हे कलम १२८७ सांगते. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, हे कलम ५३७ चे म्हणणे. हा भक्तीबाहेरचा कागदी खटाटोप नाही. विधवेने टाकलेल्या नाण्याचा तो मान आहे.

पण मालमत्तेच्या यादीहून मोलाची एक यादी असते, आणि ती कोणत्याही कलमात नाही. अंथरुणाला खिळलेले कोण, कोणाच्या घरी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कम्युनियन न्यावयाचे, कोणत्या जोडप्याची विवाहाची तयारी अर्धी झाली आहे, कोणता मुलगा सेमिनरीचा विचार करतो आहे, कोणत्या दोन घरांत बांधाच्या वादावरून बोलणे बंद आहे आणि समेटाचे बोलणे कोठवर आले आहे. ही यादी जुन्या फादरांच्या डोक्यात असते आणि त्यांच्याबरोबर मोटारीत बसून जाते. नव्या फादरांना त्या आजारी म्हातारीचा पत्ता तिच्या अंत्यविधीच्या दिवशी लागतो.

येथे एक मर्यादाही सांगावयास हवी. कबुलीसंस्कारात ऐकलेले, आणि विश्वासाने सांगितलेले, यांतील अवाक्षरही या यादीत येऊ नये, हे उघड आहे. त्याचबरोबर 'अमुक मनुष्य उपद्रवी, तमुक बाईपासून सावध' अशी दुसरी एक अलिखित यादी असते, ती तर कटाक्षाने मागे सोडावी. जुन्याचे पूर्वग्रह नव्याच्या हाती देणे म्हणजे लोकांना नव्याने सुरुवात करण्याचा हक्क नाकारणे. नव्या धर्मगुरूचा सर्वांत मोठा उपयोग हाच असतो की त्याचे अद्याप कोणाशी भांडण झालेले नसते.

नव्याने आलेल्यांसाठी

दोष एकट्या निरोप घेणाऱ्यांचा नाही. नव्या धर्मगुरूंपैकी काहींना आल्या आल्या आपली मुद्रा उमटविण्याची घाई असते. पहिल्या महिन्यात मिस्साच्या वेळा बदलतात, दुसऱ्यात भिंतींचा रंग, तिसऱ्यात गायनवृंदाचा प्रमुख. कार्मेल मातेचा सण १६ जुलैला, ऐन भातलावणीत येतो. त्या आठवड्यात शेतावरच्या घरांना सायंकाळी कोणत्या वेळी येता येते, हे एक पावसाळा पाहिल्याखेरीज कळत नाही. भाषेचेही तसेच. ज्या घरात बोली निराळी आहे, तेथे आजीने बोलीत म्हटलेली प्रार्थना 'अशुद्ध' ठरविणारा तरुण धर्मगुरू दार स्वतःच्याच हाताने लावून घेतो. उपासनेचे एक संपूर्ण वर्ष, आगमनकाळापासून आगमनकाळापर्यंत, जे अत्यावश्यक नाही ते बदलू नये, एवढा संयम पाळला तर पुढची वर्षे सुखाने जातील.

संत फ्रान्सिस झेवियर यांनी नोव्हेंबर १५५१ मध्ये जपान सोडले. ज्या कामाला ते सव्वादोन वर्षे झिजले, ते त्यांनी आपल्या सहकारी कॉस्मे द तोरेस यांच्या हाती दिले. तोरेस त्यांच्याबरोबरच तेथे उतरले होते. भूमी, माणसे, अडचणी त्यांना ठाऊक होत्या. ते १५७० मध्ये मरण पावेपर्यंत तेथेच राहिले. झेवियर यांच्या प्रवासांची कीर्ती आपण गातो. पण ते निघू शकत होते, कारण मागे कोणीतरी थांबत होते.

'एकाच वेळी दोन धर्मगुरू ठेवण्याइतके मनुष्यबळ आहे कोठे?' असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर आपल्याच महाधर्मप्रांताने नुकतेच दिले आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी जॉन रॉड्रिग्ज यांची मुंबईचे वारसाधिकारी आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली आणि २५ जानेवारी २०२५ रोजी कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांच्यानंतर ते त्या पदावर आले. म्हणजे जवळजवळ आठ आठवडे आधी उत्तराधिकारी ठरलेला होता. गादीसाठी आठ आठवडे शहाणपणाचे असतील, तर किनाऱ्यावरच्या धर्मग्रामासाठी आठ दिवस का नसावेत? आठ दिवस दोघांनी मिळून घरे फिरावीत. तेही जमत नसेल तर धर्मग्राम परिषद हाच तो दुवा आहे. धर्मगुरू बदलतो तेव्हा परिषद जागेवर असते.

आणि आपण?

येथे खरी अडचण सुरू होते. कारण परिषद जागेवर असते ती काही ठिकाणी वीस-वीस वर्षे. धर्मगुरूला निदान बदलीचा आदेश येतो. परिषदेच्या चिटणीसाला, सणसमितीच्या अध्यक्षाला, संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या खजिनदाराला आदेश कोण देणार? नवे फादर येतात तेव्हा हे गृहस्थ हार घेऊन दारात उभे असतात आणि पहिल्याच आठवड्यात सांगतात, 'आमच्याकडे असे करीत नाहीत, फादर.' ही परंपरेची राखण नव्हे. आपल्या खुर्चीची राखण आहे.

रोमने या रोगाचे निदान केले आहे. ११ जून २०२१ च्या आदेशाने आंतरराष्ट्रीय भाविक संघटनांच्या सर्वोच्च पदांवर एका व्यक्तीला सलग दहा वर्षांहून अधिक राहण्यास सर्वसाधारणपणे मनाई झाली. एक मुदत फार तर पाच वर्षांची. तो आदेश आपल्या धर्मग्राम परिषदेला शब्दशः लागू नाही, हे मान्य. पण जे तत्त्व जगभर पसरलेल्या संघटनांना हितकर आहे, ते चारशे घरांच्या धर्मग्रामाला अपायकारक कसे असेल? पोप फ्रान्सिस यांनी १२ फेब्रुवारी २०१८ रोजी बिशपांच्या निवृत्तीसंबंधी जे पत्र काढले, त्याचे नावच 'निरोप घेण्यास शिकणे' असे होते. सत्तेची हाव आणि आपण अपरिहार्य आहोत हा आव, दोन्ही अंगावरून उतरवून देवासमोर उभे राहावे, असा त्याचा आशय आहे. ते पत्र बिशपांसाठी होते. पण आपल्या सणसमितीने ते अवश्य वाचावे.

पद सुटलेल्या प्रापंचिकाचे पुढे काय होते, हेही पाहा. तो रुसतो. मिस्साला शेवटच्या बाकावर बसतो, किंवा शेजारच्या धर्मग्रामात जाऊ लागतो. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. त्याला दुसरी सेवा कोणी दिलेलीच नसते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची वेतनाची सेवा सोडली आणि संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारण्याचे काम हाती घेतले. ९ मे १९१९ रोजी मृत्यूने त्यांना गाठले. अवधी दोन वर्षांचाही मिळाला नाही. तरीही पद सोडल्यावर सेवा सुरू होऊ शकते, हे पन्नाशी उलटलेल्या त्या कवीने मराठी ख्रिस्ती समाजाला दाखवून दिले. आपला पंथ वेगळा असला तरी हा धडा घेण्यास आड काय येते? १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या सेवेला ख्रिस्तसभेने रीतसर स्थान दिले आहे. माजी चिटणीसाने रविवारच्या वर्गात दहा मुलांना शिकवावे. माजी खजिनदाराने आजाऱ्यांच्या घरी जावे. तेथे खुर्ची नाही, माईक नाही, छायाचित्र नाही. म्हणूनच ती सुरुवात चांगली.

माझी सूचना चार गोष्टींची आहे. जाणाऱ्या धर्मगुरूने परिषदेसमोर लेखी हिशेब, मालमत्तेची यादी आणि माणसांची वही ठेवून जावे. गेल्यावर एक वर्ष त्यांनी जुन्या धर्मग्रामात विधीसाठी नव्या प्रमुख धर्मगुरूंच्या निमंत्रणावाचून येऊ नये. नव्याने एक वर्ष ऐकावे. आणि प्रापंचिकांच्या प्रत्येक पदाला तीन वर्षांची मुदत असावी, ती फार तर एकदा वाढवावी, आणि पद सोडणाऱ्याला त्याच सभेत दुसरे काम नेमून द्यावे. यांतील एकाही गोष्टीला मुंबईहून परवानगी आणावी लागत नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या मे महिन्यात सह्यांचा कागद आपल्या दारी आला तर सही करण्यापूर्वी घेऊन येणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. फादर जाण्यापूर्वी आजाऱ्यांची यादी कोणी लिहून घेतली आहे का? आणि आपण स्वतः या पदावर किती वर्षे आहात?